घासाघीस कशासाठी?

“वांगी कशी दिली?”
“साठ रुपये किलो.”
“साठ? पलीकडे पन्नासला आहेत.”
“मग तिकडचीच घ्या ना ताई. ही बघा, सकाळी तोडलेली आहेत.”
“पंचावन्न लावा. अर्धा किलो घेते.”
“भवानीची वेळ आहे, नाही कशी म्हणू? घ्या.” आणि वर दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मंडईत हा संवाद ऐकू येतो. आता हिशोब करू. अर्धा किलो वांग्यांमागे या बाईंचे अडीच रुपये वाचले आणि त्यासाठी दोघींची दोन-तीन मिनिटे गेली. मिरच्या-कोथिंबीर धरली तरी वेळेच्या मानाने ही कमाई नगण्यच. तरीही रोज लाखो माणसे हे करतात. ‘सवय’ किंवा ‘चिकटपणा’ असे उत्तर देऊन मोकळे होता येईल, पण सवयीलाही काही कारण असते. गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अशा तिघांनीही घासाघिशीचा अभ्यास केला आहे. तिघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण त्यांना दिसलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात.

प्रथम घासाघिशीचा सांगाडा समजावून घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याला आपले जुने पुस्तक विकायचे आहे. ६० रुपयांच्या खाली विकायचे नाही असे त्याने मनाशी ठरवले आहे. घेणाऱ्याने ७५ च्या वर जायचे नाही असे ठरवले आहे. या मनातल्या आकड्यांना आपण ‘राखीव किंमत’ म्हणू. ६० ते ७५ मधल्या कोणत्याही भावाला सौदा झाला तर दोघांचाही फायदा आहे. ६५ ला झाला, तर विकणाऱ्याला ५ आणि घेणाऱ्याला १० रुपयांचा लाभ. दोन्हींची बेरीज नेहमी १५. हे १५ रुपये आधी कोणाच्याच खिशात नव्हते; सौदा झाला तरच ते निर्माण होतात, फिसकटला तर होत नाहीत. म्हणजे घासाघिशीत दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. एक, दोघांनी मिळून हा लाभ निर्माण करणे, आणि दोन, तो आपसांत वाटून घेणे. पहिल्या कामात दोघे सहकारी असतात, दुसऱ्यात प्रतिस्पर्धी.

अडचण अशी की कोणालाच दुसऱ्याचा आकडा ठाऊक नसतो आणि स्वतःचा खरा आकडा सांगणे परवडत नाही. विकणारा ‘साठ’ म्हणाला की घेणारा साठालाच उचलणार. म्हणून विकणारा चढवून सांगतो, घेणारा उतरवून मागतो. पण दोघांनीही फार ताणले तर?

१९८३ मध्ये कल्याण चॅटर्जी आणि विल्यम सॅम्युएल्सन यांनी या प्रश्नाचे गणित मांडले. त्यांचा खेळ सोपा आहे. दोघांनी एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर आपापला भाव लिहायचा. घेणाऱ्याचा आकडा विकणाऱ्याच्या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर दोन्हींच्या सरासरीला सौदा, नाहीतर दोघेही रिकाम्या हाताने घरी. दोघांच्या राखीव किमती ० ते १०० मधल्या काहीही असू शकतात, सगळ्या सारख्याच संभाव्य, असे धरले तर दोन हुशार, स्वार्थी खेळाडू काय लिहितील? याचे एक स्थिर उत्तर असे: विकणारा आपल्या राखीव किमतीची दोन-तृतीयांश रक्कम अधिक २५ लिहील, आणि घेणारा आपल्या राखीव किमतीची दोन-तृतीयांश रक्कम अधिक ८.३३. आपल्या उदाहरणात विकणारा ४० + २५ = ६५ लिहितो, घेणारा ५० + ८.३३ = ५८.३३. सौदा फिसकटला! दोघांचे मिळून १५ रुपये हवेत विरले आणि आपण काय गमावले हे दोघांनाही कळले नाही.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी ही दोन सूत्रे एकमेकांसमोर मांडून स्वतःच पाहू शकतील, की घेणाऱ्याची राखीव किंमत विकणाऱ्याच्या किमतीपेक्षा निदान २५ ने जास्त असेल तरच या पद्धतीने सौदा होतो. फरक त्याहून कमी असेल तर दोघांच्या फायद्याचा व्यवहारही हुकतो. (सरासरी काढण्यासाठी थोडे कलन लागते. मिळू शकणाऱ्या एकूण लाभापैकी २७/३२, म्हणजे सुमारे ८४ टक्के हाती लागतो, बाकीचा जातो.) त्याच वर्षी रॉजर मायर्सन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी याहून धक्कादायक गोष्ट सिद्ध केली. चिठ्ठ्यांचा नियम बदलून काही उपयोग नाही. बाहेरून कोणी पैसे ओतणार नसेल आणि दोघेही स्वार्थानेच वागणार असतील, तर फायद्याचा प्रत्येक सौदा घडवून आणणारा कोणताही नियम तयारच करता येत नाही. वरच्या खेळात तर ८४ टक्क्यांच्या पुढे कोणताच नियम जाऊ शकत नाही. मायर्सन यांना पुढे २००७ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल स्मृती पुरस्कार मिळाला, तो याच शाखेतल्या कामासाठी.

हे प्रमेय वाचले की मंडई चालते तरी कशी, असा प्रश्न पडतो. उत्तर शोधण्यासाठी माणसांनाच खेळायला बसवावे लागले. १९८९ मध्ये रॉय रॅडनर आणि अँड्र्यू शॉटर यांनी आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंद चिठ्ठ्यांच्या खेळात माणसे साधारण सिद्धांताच्या आसपासच राहिली. पण त्याच खेळाडूंसारख्या लोकांना समोरासमोर बसवून हवे तसे बोलायची मुभा दिली, तेव्हा मिळू शकणारा जवळजवळ सगळा लाभ हाती आला. प्रमेयाने अशक्य ठरवलेले काम साध्या बोलण्याने झाले. पुढे कॅथलीन व्हॅली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये न बोलता, लेखी निरोपांनी आणि समोरासमोर अशा तिन्ही प्रकारांची तुलना केली. बोलणाऱ्या जोड्यांना सैद्धांतिक मर्यादेच्या पलीकडे जाता आले. काहींनी आपले आकडे खरे सांगितले. पुष्कळांनी न सांगताही बोलता बोलता एका भावावर मन जुळवले आणि दोघांनी तोच चिठ्ठीवर लिहिला.

मग प्रमेय चुकले का? नाही. गणित बिनचूक आहे. त्यातली स्वार्थी माणसाची कल्पना हाडामांसाच्या माणसाला पुरी लागू पडत नाही, एवढेच. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून धडधडीत खोटे बोलायला माणूस बिचकतो. थोडे चढवून सांगणे चालते, पण शेवटचा शब्द म्हणून दिलेला आकडा साधारण खरा असावा अशी दोघांची अपेक्षा असते. ‘शेवटचं सांगा’ या आपल्याकडच्या प्रश्नात हाच करार दडलेला आहे. त्यानंतरही आकडा हलला तर ऐकणाऱ्याला राग येतो, तो पैशांसाठी नव्हे.

नात्याचे शब्द

बैरूतमध्ये काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ फुआद खुरी यांनी १९६८ मध्ये मध्यपूर्वेतल्या घासाघिशीच्या शिष्टाचारांवर एक लेख लिहिला. त्यांचे निरीक्षण असे, की तिथला सौदा भावाने सुरू होतच नाही. आधी आदराचे, आपुलकीचे शब्द येतात, अनोळखी माणसाला नात्याच्या नावाने हाक मारली जाते, समान हितसंबंध शोधले जातात. या सगळ्याचा हेतू परस्परांविषयीचा संशय दूर करणे हा असतो आणि त्यातून पुष्कळदा कायमचे गिऱ्हाईक तयार होते. आपल्याला हे परके वाटू नये. आपल्या बाजारात ‘मावशी’, ‘ताई’, ‘काका’, ‘दादा’ यांच्याशिवाय एक वाक्य पुढे सरकत नाही. छापील किमतीच्या साबणासाठी मात्र दुकानदाराला कोणी काका म्हणून गळ घालत नाही, कारण तिथे ठरवण्यासारखे काही उरलेलेच नसते.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास केला. १९७८ मध्ये तो त्यांनी मुद्दाम अर्थशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात मांडला. अशा बाजारात सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती? गीर्ट्झ म्हणतात, माहिती. लोकर कोणत्या प्रतीची आहे, माप खरे आहे का, आज भाव काय चाललाय, हा माणूस उधारी देईल का, यांतले काहीच नक्की नसते. अशा वेळी दहा दुकाने फिरून नुसता भाव विचारण्यात अर्थ नाही, कारण दहा ठिकाणचा माल सारखा नाही. त्यापेक्षा एकाच माणसाशी खोलवर बोललेले बरे. गीर्ट्झ यांनी यासाठी मोटारीचे उदाहरण घेतले आहे. नवी मोटार घेताना आपण अनेक विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारतो. जुनी घेताना एकालाच अनेक प्रश्न विचारतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. आपली समजूत अशी, की घासाघीस अनोळखी माणसांत होते आणि ओळख झाली की संपते. सेफ्रूमध्ये उलटे होते. खरी, चिवट घासाघीस चाले ती वर्षानुवर्षे एकमेकांकडे जाणाऱ्या गिऱ्हाईक-व्यापाऱ्यांत! भाव, वजन, प्रत, उधारीची मुदत या सगळ्यांवर. अनोळखी माणसाशी असे झगडणे म्हणजे वेळेचा अपव्यय. ज्याच्याकडे पुन्हा यायचे आहे त्याच्याशी भांडलेले फुकट जात नाही. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका ठरलेल्या भाजीवालीशीच सर्वांत जास्त वाद घालत, आणि ती आठ दिवस दिसली नाही तर चौकशीही त्याच करत, हे अनेक वाचकांना आठवेल.

निर्वाणीचा प्रस्ताव

आता मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ. १९८२ मध्ये जर्मनीत वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी घासाघीस तिच्या हाडांपर्यंत तासून काढली. एकाला काही रक्कम द्यायची, समजा १०० रुपये. त्याने त्यातले किती दुसऱ्याला देणार हे एकदाच सांगायचे. दुसऱ्याने ‘हो’ म्हटले तर तशी वाटणी, ‘नाही’ म्हटले तर दोघांनाही शून्य. उलट बोली नाही, पुन्हा भेट नाही. शुद्ध स्वार्थाचा सल्ला असा: पहिल्याने एक रुपया द्यावा आणि दुसऱ्याने तो घ्यावा, कारण शून्यापेक्षा एक बरा. प्रत्यक्षात बहुतेक लोक ४० ते ५० देऊ करतात, आणि २० च्या खालचे प्रस्ताव निम्म्याच्या आसपास वेळा धुडकावले जातात. रक्कम क्षुल्लक असते म्हणून असे होते का? लिसा कॅमेरॉन यांनी इंडोनेशियात सहभागी व्यक्तीच्या सुमारे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम पणाला लावून पाहिले (१९९९). देणाऱ्यांचे वागणे फारसे बदलले नाही.

नकार देणारा स्वतःचे नुकसान करून काय मिळवतो? याचा धागा ॲलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात सापडतो. १० डॉलरपैकी १ किंवा २ डॉलर देणारा प्रस्ताव कधी माणसाकडून येई, कधी संगणकाकडून. रक्कम तीच असूनही माणसाने दिलेला प्रस्ताव जास्त वेळा नाकारला गेला. त्या वेळी घेतलेल्या मेंदूच्या चित्रांत, किळस येण्याशी संबंध असलेला एक भाग माणसाच्या अन्याय्य प्रस्तावाला अधिक जोराने प्रतिसाद देताना दिसला. (मेंदूचा हाच भाग वेदना, भूक अशा इतरही अनेक प्रसंगी जागा होतो. त्यामुळे ‘अन्यायाचे केंद्र सापडले’ असल्या मथळ्यांपासून विद्यार्थ्यांना सावध करावे.) यंत्राने कमी दिले तर ते नशीब असते, माणसाने कमी दिले तर तो आपल्याविषयीचा त्याचा अभिप्राय असतो.

हा न्यायाचा काटा सगळीकडे सारखा नाही. जोसेफ हेन्रिक यांनी पेरूच्या जंगलातल्या माचिग्वेंगा लोकांमध्ये हा खेळ खेळवला तेव्हा सरासरी २६ टक्केच देऊ केले गेले, आणि ते जवळजवळ कोणीच नाकारले नाही. पुढे १५ छोट्या समाजांतले निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक मोठ्या गटाने देवमाशांची शिकार करून वाटून खातात. त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त दिले. न्यू गिनीतल्या दोन समाजांत निम्म्याहून मोठे प्रस्तावही नाकारले गेले, कारण मोठी भेट स्वीकारली की मिंधेपण येते. आणि एकंदरीत पाहता, ज्या समाजांचा बाजाराशी संबंध अधिक, तिथले प्रस्ताव समान वाटणीच्या अधिक जवळचे होते. बाजार माणसाला स्वार्थी करतो, असे आपण सरसकट बोलतो. निदान या निष्कर्षावरून तरी असे दिसते, की अनोळखी माणसाशी बऱ्या रीतीने वागण्याची सवय आणि बाजार यांची सोबत जुनी आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मात्र यावरून ठरत नाही.

आणखी एक प्रयोग सांगण्याचा मोह आवरत नाही. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले, की ज्यांची पहिलीच मागणी समोरच्याने ताबडतोब मान्य केली ते लोक सौद्यावर कमी समाधानी असतात. घासाघीस करून त्याहून वाईट भाव पदरात पडलेल्यांपेक्षाही! ‘चाळीसला देता?’ म्हटल्याबरोबर विक्रेत्याने वस्तू बांधायला घेतली की मनात पाल चुकचुकते, तीच ही. पंचवीस म्हणायला हवे होते का? मालात काही खोट आहे का? ‘परवडत नाही हो’ या शब्दांनी गिऱ्हाइकाला एक माहिती मिळते, की भाव तळाच्या जवळ आला आहे. तेवढ्यासाठी तरी ते म्हटले जावे लागतात.

नात्याची दुसरी बाजू

येथवर घासाघिशीचे कौतुकच झाले. पण तिच्यात दोघांची ताकद क्वचितच सारखी असते, आणि गोड शब्द ही विषमता झाकतात.

१९८२ मध्ये एरियल रुबिनस्टाइन यांनी आळीपाळीने बोली लावणाऱ्या दोघांचे गणित सोडवले. लाभाचा वाटा कशावर ठरतो? थांबण्याच्या ऐपतीवर. समजा, वाटून घ्यायचा लाभ १०० रुपये आहे आणि प्रत्येक फेरीला उशिरामुळे दोघांच्याही दृष्टीने त्याची किंमत ५ टक्क्यांनी घटते. मग पहिली बोली लावणाऱ्याला सुमारे ५१ रुपये मिळतात. आता पहिली बोली लावणारी भाजीवाली आहे, मेथी कोमेजते आहे, म्हणून तिची घट १० टक्के धरा. गिऱ्हाइकाची ५ च राहू द्या. तिचा वाटा ३४ वर येतो. ती बोलण्यात कमी पडली असे नाही. संध्याकाळी सात वाजता पालेभाजीच्या जुड्या समोर असताना आणि घरी शीतकपाट नसताना तिला थांबता येत नाही, इतकेच. त्या वेळी जुडीमागे पाच रुपये पाडून घेणाऱ्याला आपण घासाघिशीत तरबेज आहोत असे वाटत असेल, तर त्याने हे गणित जरूर पाहावे.

दुसरा दोष भेदभावाचा. अमेरिकेत इयन आयर्स यांनी १९९० च्या सुमारास शिकागो परिसरातल्या मोटारविक्रेत्यांकडे परीक्षक पाठवले. सर्वांना एकाच पद्धतीने बोलायला शिकवले होते. तरीही गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितले गेले आणि कृष्णवर्णीय पुरुषांना सर्वांत जास्त. भाव माणूस पाहून ठरत असेल तर माणसाविषयीचे पूर्वग्रहही भावात उतरणार.

तिसरा दोष तिसऱ्या माणसाला बाहेर ठेवण्याचा. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली हातात हात घेऊन, बोटे दाबून भाव ठरवण्याची चाल आहे. भोवती गर्दी असली तरी आकडा दोघांपुरताच राहतो. शेतमालाच्या बाजारातही दलाल आणि व्यापारी अशाच ‘हत्ता’ पद्धतीने सौदे करत. माल शेतकऱ्याचा, पण कपड्याखाली काय ठरले ते त्यालाच कळत नसे. म्हणून नियंत्रित बाजार समित्यांत उघड लिलावाचा नियम आला.

एकच भाव हा सुद्धा मुळात नैतिक आग्रहातून आलेला विचार आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी, चढवून सांगणे म्हणजे खोटे बोलणे, असे मानून घासाघीस सोडली. सुरुवातीला गिऱ्हाईक बिचकले, पण या दुकानात लहान मुलाला पाठवले तरी फसवणूक होत नाही असे कळल्यावर तिथे गर्दी वाढली. पॅरिसमध्ये १८५२ नंतर आरिस्तीद बूसिको यांनी ‘बाँ मार्शे’ हे मोठे दुकान निश्चित किमतींच्या पायावर वाढवले. त्याला व्यावहारिक कारणही होते. शेकडो पगारी नोकरांवर घासाघीस सोपवणे कोणत्या मालकाला परवडेल?

माझा स्वतःचा कल असा, की औषध, शाळेची फी, रिक्षाचे भाडे अशा जिथे गरजू माणूस थांबू शकत नाही त्या ठिकाणी भाव बांधलेला आणि लिहिलेला असावा. हस्तकलेची वस्तू, जुने पुस्तक, घराचे रंगकाम यांत मात्र दोन्ही बाजूंना बोलायला जागा असावी.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. ० ते १०० आकड्यांच्या चिठ्ठ्या दोन डब्यांत टाका. एका डब्यातली चिठ्ठी विकणाऱ्याची राखीव किंमत, दुसऱ्यातली घेणाऱ्याची. पहिल्या तासाला वीस जोड्यांनी न बोलता भाव लिहायचे. दुसऱ्या तासाला नव्या चिठ्ठ्या काढून, चिठ्ठी न दाखवता पण समोरासमोर तीन मिनिटे बोलून सौदा करायचा. दोन्ही वेळा, ज्या जोड्यांत घेणाऱ्याचा आकडा मोठा होता त्यांपैकी किती सौदे फिसकटले ते फळ्यावर लिहा. फरक २५ च्या आत असलेल्या जोड्यांची नोंद वेगळी ठेवा. सौद्यांपाठोपाठ प्रत्येकाला, शक्यतो एकेकट्याला, आणखी एक प्रश्न विचारा: याच जोडीदाराबरोबर पुन्हा खेळायला आवडेल का? ते उत्तर आणि त्या जोडीतली लाभाची वाटणी शेजारी शेजारी मांडून पाहा.